ई-फॉइलचा वाद नेमका कशाचा आहे? बोट की सर्फबोर्ड हे सोडा, वेग आणि अंतराचं बोलू

किनाऱ्याजवळच्या समुद्रात इलेक्ट्रिक हायड्रोफॉइल बोर्ड, म्हणजे ज्याला आता सगळे ई-फॉइल म्हणतात, ते चालवू द्यायचे का आणि द्यायचे तर कुठे, किती वेगाने, कोणाला, यावरून ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडपासून युरोप-अमेरिकेपर्यंत बरीच वादावादी चालू आहे. एका बाजूला पोहणारे, सर्फिंग करणारे, समुद्रातल्या प्राण्यांची काळजी असणारे लोक, दुसऱ्या बाजूला बोर्ड घेतलेले आणि भाड्याने देणारे, आणि मधे ते अधिकारी ज्यांच्या हातात जेटस्की आणि मोटरबोटींसाठी लिहिलेले जुने नियम आहेत. दोघांचंही ऐकलं की दोघांचंही पटतं. पण मी यावर जितकं वाचलं तितकं मला वाटायला लागलं की बोर्डाला बोट म्हणायचं की सर्फबोर्ड यावरच सगळी शक्ती खर्च होतेय, आणि पाण्यात पोहणाऱ्या माणसाला ज्या गोष्टीने इजा होईल तिच्यावर, म्हणजे वेग आणि अंतर यावर, फार कमी बोललं जातंय. हे का म्हणतोय ते कळायला आधी हा बोर्ड चालतो कसा ते बघावं लागेल, कारण कायद्याचा अर्धा गुंता इथे फिजिक्समधूनच आलाय.

बोर्ड दिसायला सर्फबोर्डसारखाच, थोडा जाड, आत बॅटरी बसवायची जागा. खाली एक उभी दांडी असते, तिला मास्ट म्हणतात, साधारण ६० ते ८० सेंटीमीटर लांब. मास्टच्या खालच्या टोकाला छोट्या विमानासारखी रचना, पुढे मोठा पंख, मागे लहान पंख, आणि तिथेच इलेक्ट्रिक मोटर आणि प्रॉपेलर, काही बोर्डांत प्रॉपेलरऐवजी जेट असतो. हातात वायरलेस रिमोट, ट्रिगर दाबला की मोटर चालू, सोडला की बंद. लिथियम-आयन बॅटरी, मोठी असेल तर २ किलोवॅट-तासाच्या आसपासची, एका चार्जवर तास-दीड तास चालते, सगळं मिळून वजन २५ ते ३५ किलो. वेग ताशी ४० किमीच्या वर जातो. बाजारात हे २०१७-१८ च्या सुमारास आलं, पोर्तो रिकोची लिफ्ट आणि ऑस्ट्रेलियाची फ्लाइट या सुरुवातीच्या कंपन्या, आणि २०२३ मध्ये फ्लाइटला ब्रन्सविकने विकत घेतलं, म्हणजे मर्क्युरी नावाची बोटीची इंजिनं बनवणारा मोठा समूह यात उतरला. त्यामुळे चार हौशी लोकांचा नाद आहे, जाईल दोन वर्षांत, असं म्हणून सोडून देण्यासारखा विषय आता राहिलेला नाही.

पंखाच्या जोरावर पाण्यातून वर उठायची कल्पना तशी शंभर वर्षांहून जुनी आहे. इटलीच्या एन्रिको फोर्लानिनीने १९०६ मध्ये माज्जोरे सरोवरात हायड्रोफॉइल बोट चालवून दाखवली, आणि टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आणि त्यांचे सहकारी केसी बाल्डविन यांच्या एचडी-४ ने १९१९ मध्ये ताशी ११४ किमी गाठून पाण्यावरच्या वेगाचा जागतिक विक्रम केला. पुढे प्रवासी फेरीबोटी आल्या, शर्यतीच्या शिडाच्या बोटी आल्या, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तर काइट आणि विंडसर्फिंग दोन्ही फॉइलवर झालं. पण या सगळ्यांना एकतर मोठं इंजिन लागायचं नाहीतर वारा आणि वर्षानुवर्षांचा सराव. छोटी मोटर आणि बॅटरी आल्यावर वारा नको, लाट नको, शिकणारा माणूसही एक-दोन बैठकांत उभा राहून थोडं अंतर जातो, आणि सकाळी पाणी शांत असताना, म्हणजे नेमकं पोहणारे उतरतात त्याच वेळेला, हा बोर्ड सगळ्यात छान चालतो. इथून वाद सुरू होतो.

आता ते गणित, अवघड नाहीये. पंखावरून पाणी वेगाने गेलं की पंखाला वर उचलणारं बल मिळतं, विमानाला हवेत मिळतं तसंच, फक्त समुद्राचं पाणी हवेपेक्षा आठशे पटींहून जास्त दाट असल्यामुळे इथे १५००-२००० चौरस सेंटीमीटरचा पंखही पुरतो. हे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं आणि कमी होतं, म्हणजे वेग अर्धा केला तर बल अर्धं होत नाही, पाव होतं. समजा माणूस ७५ किलोचा, बोर्ड ३० किलोचा, मिळून १०५ किलो, आणि पंख असा निवडलाय की ताशी १६ किमीला हे सगळं वजन पाण्याबाहेर उचललं जातं. तोच पंख ५ नॉटला, म्हणजे ताशी सव्वानऊ किमीला, फक्त ३५ किलोच्या आसपास उचलेल. पंखाचा कोन थोडा वाढवून फरक पडतो, पण एका मर्यादेनंतर पंखावरचा प्रवाह तुटतो आणि बोर्ड खाली बसतो. थोडक्यात ५ नॉटला ई-फॉइल उडत नाही, पोट पाण्यात घासत एखाद्या जड तराफ्यासारखं सरकतं.

हा ५ नॉटचा आकडा मी उगाच घेतलेला नाही. फ्रान्समध्ये किनाऱ्यापासून ३०० मीटरच्या पट्ट्यात सर्वसाधारण वेगमर्यादा ५ नॉट आहे. न्यूझीलंडमध्ये किनाऱ्यापासून २०० मीटरच्या आत, आणि पाण्यातल्या माणसापासून किंवा दुसऱ्या बोटीपासून ५० मीटरच्या आत, पुन्हा ५ नॉटच. अशी मर्यादा असलेली बंदरं आणि खाड्या जगभर आहेत. म्हणजे जिथे लोकांना ई-फॉइल चालवायचंय त्या बहुतेक पाण्यात कागदावर बंदी नसतानाही ते उडवता येत नाही. चालवणारे म्हणतात ही मागच्या दाराने आणलेली बंदी आहे, आणि नियम राबवणारे म्हणतात की बंदी वगैरे काही नाही, बाहेर जा आणि हवं तितकं उडवा. दोघंही खरंच बोलतायत! पण यात एक गोष्ट सुटते, नवशिक्या माणसाला ३०० मीटर बाहेर पाठवणं हेही धोक्याचंच आहे, तिथे बॅटरी संपली किंवा रिमोटचं कनेक्शन गेलं, वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल, तर ३० किलोचा बोर्ड हाताने वल्हवत परत आणणं फार थकवणारं काम आहे.

मग त्या ५ नॉटच्या मर्यादेचा हेतू काय होता ते बघा, मला हा सगळ्या वादातला सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो. किनाऱ्यालगत वेग कमी ठेवायला सांगतात त्याची कारणं साधारण अशी: वेगाने गेलेल्या बोटीमागे मोठ्या लाटा उठतात, त्यांनी काठ खचतो आणि नांगरलेल्या बोटी एकमेकांवर आपटतात, इंजिनाच्या आवाजाचा सगळ्यांना त्रास होतो, आणि माणूस आडवा आला तर थांबायला वेळ मिळत नाही. ई-फॉइल उडत असताना पाण्यात फक्त पातळ मास्ट आणि पंख असतात, त्यामुळे मागे लाट जवळजवळ उठतच नाही, आवाजही अगदी कमी. म्हणजे लाट आणि आवाज ही दोन कारणं जवळपास गेलीच, आणि ई-फॉइलवाले जेव्हा म्हणतात की आम्हाला जेटस्कीच्या रांगेत बसवू नका तेव्हा या मुद्द्यावर त्यांचं म्हणणं शंभर टक्के रास्त आहे.

पण थांबायला वेळ न मिळणं, ते कारण कुठेही गेलेलं नाही. ताशी ४० किमी म्हणजे सेकंदाला ११ मीटर. समोर पोहणाऱ्याचं डोकं ३० मीटरवर असेल तर पावणेतीन सेकंद हातात आहेत, त्यात ते डोकं आहे की खुणेसाठी पाण्यावर तरंगत ठेवलेला बोया आहे हे ओळखायचं, निर्णय घ्यायचा आणि वळायचं. १०५ किलोचं वजन ताशी ४० ने जाताना त्यात जी ऊर्जा असते ती ताशी ९ किमीला असलेल्या ऊर्जेच्या जवळजवळ वीस पट असते, कारण इथेही वेगाचा वर्गच येतो. आणि धडकणारी गोष्ट फुगीर रबरी बोट नाहीये, कडेला पातळ झालेला कडक पंख आहे आणि तो पाण्याखाली अर्धा-पाऊण मीटरवर आहे, म्हणजे बुडी मारलेला माणूसही त्याच्या वाटेत येऊ शकतो. त्यात आवाज नाही. जेटस्की येतेय हे पोहणाऱ्याला ऐकू तरी येतं, ई-फॉइल मागून आलं तर कळतच नाही, म्हणजे ज्या शांततेचं कौतुक होतं तीच पाण्यातल्या माणसासाठी अडचण आहे. मला वाटतं की समर्थकांनी हे मोकळेपणाने मान्य करायला हवं, केलं तर बाकीचं बोलणं किती सोपं होईल.

दुसऱ्या बाजूनेही न्याय्य बोलायचं तर चालवणारा पडला की ट्रिगर सुटतो, मोटर बंद होते आणि बोर्ड पाण्यावर आपटून लगेच थांबतो, माणसाशिवाय सुसाट पळत सुटलेली बोट हा जो भीषण प्रकार असतो तो इथे सहसा होत नाही. चालवणारा उभा असतो, पाण्यापासून वर असतो, त्यामुळे त्याला लांबचं बरं दिसतं. पडताना स्वतःच्याच पंखावर किंवा मास्टवर आदळण्याचा धोका त्याला स्वतःला असतोच, म्हणून हेल्मेट आणि छातीला मारापासून वाचवणारं जॅकेट घालायला सांगतात, आणि ते सक्तीचं करायला मला तरी काही हरकत दिसत नाही.

आता कायद्याकडे येऊ. समुद्रात टक्कर टाळण्याचे जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, १९७२ चे, त्यात जहाजाची व्याख्या खूप मोठी आहे, पाण्यावर वाहतुकीचं साधन म्हणून वापरली जाणारी किंवा वापरता येईल अशी कुठल्याही प्रकारची गोष्ट त्यात येते, त्यामुळे ई-फॉइल त्यातून बाहेर आहे असं म्हणणं कठीण. मग त्याचा अर्थ सतत नजर ठेवणं, सुरक्षित वेगाने जाणं हे नियमही आलेच, आणि रात्री दिवे. दिव्यांच्या नियमात ७ मीटरपेक्षा लहान आणि ७ नॉटपेक्षा जास्त वेग नसलेल्या मोटरबोटीला एका पांढऱ्या दिव्यावर सूट आहे, ई-फॉइलचा वेग त्याच्या तिप्पट, म्हणजे ती सूटही नाही, आणि बाजूचे लाल-हिरवे दिवे अशा बोर्डावर लावायचे कुठे हा प्रश्नच आहे. त्यामुळे अंधारात चालवू नका हा नियम बहुतेक ठिकाणी फारसा वाद न होता मान्य होईल.

खरा घोळ पर्सनल वॉटरक्राफ्टच्या, म्हणजे बोलीभाषेत जेटस्कीच्या, व्याख्येत आहे. एकाच देशात दोन व्याख्या कशा असतात बघा. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात १३ फूट किंवा त्याहून लहान, मशीनने चालणारं, आणि ज्याच्या आत न बसता वर बसून, उभं राहून किंवा गुडघ्यावर राहून चालवायचं असं जे काही असेल ते पर्सनल वॉटरक्राफ्ट. वाचलं की कळतं, ई-फॉइल यात नीट बसतं. पण अमेरिकेच्याच नॅशनल पार्क सर्व्हिसच्या नियमात व्याख्या अशी आहे की आत इंधन जाळणारं इंजिन हवं आणि ते पाण्याचा जेट पंप फिरवणारं हवं. ई-फॉइलमध्ये इंधन नाही, बहुतेकांत जेट पंपही नाही, म्हणजे इथे ते जेटस्की ठरत नाही. तोच बोर्ड, तोच माणूस, एका पाण्यात जेटस्कीचे सगळे निर्बंध आणि दुसऱ्या पाण्यात निदान त्या व्याख्येतून सुटका. कॅलिफोर्नियाच्याच किनाऱ्यावरच्या माँटेरे बेच्या संरक्षित सागरी क्षेत्रात मोटरवाल्या पर्सनल वॉटरक्राफ्टना ठराविक झोनपुरतंच ठेवलंय आणि तिथल्या व्याख्येत उभं राहून चालवायची साधनंही आहेत, त्यामुळे आवाज आणि धूर नसला तरी ई-फॉइल त्या झोनच्या नियमात येतं.

युरोपियन युनियनची गोष्ट वेगळी. तिथे छोट्या बोटी आणि पर्सनल वॉटरक्राफ्ट कशा बनवायच्या याचा २०१३ चा एक मोठा निर्देश आहे, आणि त्यातून काय काय वगळलंय त्या यादीत सर्फबोर्डही आहेत आणि हायड्रोफॉइलही आहेत. तेव्हा ही यादी लिहिताना कोणाच्या डोळ्यासमोर मोटर लावलेला, उडणारा सर्फबोर्ड असेल असं वाटत नाही. हा निर्देश बनवण्याबद्दल आहे, चालवण्याबद्दल नाही, हा फरक बऱ्याच वादांत लोक विसरतात, बोर्ड कायदेशीर विकला जातो म्हणून तो कुठेही चालवता येतो असं होत नाही.

ब्रिटनचं उदाहरण मला सगळ्यात जास्त शिकवणारं वाटतं. तिथे २००५ मध्ये अपील कोर्टाने एका प्रकरणात म्हटलं की जेटस्की हे जहाजांसाठीच्या कायद्याच्या अर्थाने जहाज नाही, कारण ती कुठून तरी कुठे जायला वापरली जात नाही, मजेसाठी गोल गोल फिरवली जाते. परिणाम असा की बेफाम चालवून कोणाला इजा केली तरी जहाजांसाठीचा कायदा लावता येईना. ही फट तब्बल अठरा वर्षं राहिली. २०२० मध्ये वेल्समधल्या मेनाय सामुद्रधुनीत जेटस्कीच्या धडकेत एका स्त्रीचा जीव गेला, मग हालचाल झाली, आणि ३१ मार्च २०२३ पासून नवीन आदेश लागू झाला ज्यात स्वतःच्या यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या छोट्या साधनांनाही तो कायदा लागू केला, दोन वर्षांपर्यंत कैद आणि अमर्याद दंड. इथे त्यांनी बोर्डाचा आकार किंवा नाव बघितलं नाही, यांत्रिक शक्ती आहे का एवढं बघितलं, त्यामुळे उद्या आणखी कुठलं नवीन खेळणं आलं तरी त्यासाठी वेगळा कायदा करायची गरज नाही. व्याख्येत अडकून किती वर्षं वाया जातात आणि त्याची किंमत कोण मोजतं हे यातून कळतं, म्हणून एवढं सविस्तर सांगितलं.

लायसन्स आणि रजिस्ट्रेशनचा हिशोबही प्रत्येक ठिकाणी वेगळा. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समध्ये मोटरबोट १० नॉट किंवा त्याहून जास्त वेगाने चालवायची असेल तर लायसन्स लागतं, आणि इंजिनाची ताकद ४ किलोवॅट किंवा जास्त असेल तर रजिस्ट्रेशन. फ्रान्समध्ये परवान्याची रेषा ४.५ किलोवॅटच्या वर. नेदरलँड्समध्ये ताशी २० किमीपेक्षा वेगाने जाऊ शकणारी छोटी बोट ही वेगवान मोटरबोट. कॅनडात मोटर किती का लहान असेना, इलेक्ट्रिक का असेना, चालवणाऱ्याकडे कार्ड हवं. यातली किलोवॅटची रेषा मला सगळ्यात कच्ची वाटते, कारण ई-फॉइलच्या मोटरची ताकद सॉफ्टवेअरने कमी-जास्त करता येते, सतत मिळणारी ताकद वेगळी आणि क्षणभर मिळणारी वेगळी, आणि समुद्रावर उभा असलेला अधिकारी हे तपासणार कसं? वेगाची रेषा निदान डोळ्यांना दिसते, बोर्ड पाण्याबाहेर उठलाय का एवढं बघितलं तरी अंदाज येतो.

समुद्री जीवांबद्दल दोन्ही बाजूंनी जरा ढोबळ बोललं जातं. इंधन सांडत नाही, धूर नाही, पाण्याखाली गोंगाट कमी, हे फायदे खरे आहेत, पेट्रोलच्या जेटस्कीशी तुलना केली तर ई-फॉइल नक्कीच बरं. पण प्राण्याला फक्त आवाजाचा त्रास होत नाही, अचानक वेगाने कोणीतरी जवळ येण्याचा होतो, आणि कमी आवाजाची गोष्ट जवळ येईपर्यंत कळत नाही म्हणून दचकणं जास्त. फ्लोरिडात मॅनटी नावाचे संथ, पाण्याच्या वरच्या थरात राहणारे प्राणी आहेत, त्यांच्यासाठी जे स्लो-स्पीड झोन केलेत तिथे बोट पूर्णपणे पाण्यात बसलेली असली पाहिजे असा नियम आहे. उडणारं ई-फॉइल पाण्यात बसलेलं नसतंच, मग त्याने लाट उठवली नाही तरी त्या झोनमध्ये ते उडवणं नियमाविरुद्धच, आणि ते योग्यच आहे कारण मॅनटीला बाजूला व्हायला वेळ मिळावा हाच तर उद्देश. ऑस्ट्रेलियाच्या केंद्रीय नियमांत तर व्हेल आणि डॉल्फिनच्या ३०० मीटरच्या आत न्यायला मनाई असलेल्या साधनांच्या यादीत जेटस्कीच्या बरोबरीने हायड्रोफॉइल हा शब्द सरळ लिहिलेला आहे. त्यामुळे प्राण्यांच्या बाबतीत बऱ्याच ठिकाणी नवीन नियम नकोतच, असलेले लोकांना माहीत करून द्यायला हवेत. बोर्ड विकताना किंवा भाड्याने देताना हे कोणी तोंडाने सांगतं का, हा माझा खरा प्रश्न आहे.

लाटांच्या जागांवर, जिथे सर्फर रांगेत बसून लाटेची वाट बघतात, तिथे ई-फॉइल नेऊ नये, यावर मला वेगळा वाद घालायचा नाही. तिथे माणसं दाटीने असतात, लाटेत नियंत्रण सुटतं, आणि पाण्याखाली धारदार पंख. जबाबदार चालवणारेही हेच म्हणतात. बॅटरीबद्दलही थोडक्यात, विमानात प्रवासी सामानात १०० वॅट-तासापर्यंतची बॅटरी सहज नेता येते, १६० पर्यंत विमान कंपनीच्या परवानगीने, आणि ई-फॉइलची बॅटरी २००० च्या घरात, यावरून ती किती मोठी गोष्ट आहे ते समजा. खाऱ्या पाण्यात सील खराब झालेली अशी बॅटरी बंद खोलीत रात्रभर चार्जिंगला लावणं हा आगीचा धोका आहे, त्याचे नियम समुद्रापेक्षा गोदीवर जास्त लागतील.

मग करायचं काय? माझं मत सांगतो. सरसकट बंदी मला मान्य नाही, कारण जे नुकसान होतंय ते जागेचं आणि वेगाचं आहे, आणि जिथे मोकळं पाणी आहे तिथे एका शांत, धूर नसलेल्या खेळाला हाकलायचं काही कारण नाही, विशेषतः तिथेच पेट्रोलच्या जेटस्की फिरत असताना. पण मोकळं सोडणंही मान्य नाही. फ्रान्समध्ये किनाऱ्यापासून बाहेर जाण्यासाठी बोया लावून आखलेल्या वाटा असतात आणि न्यूझीलंडमध्येही ठराविक वाटा राखून ठेवतात जिथे वेगमर्यादा शिथिल असते, ई-फॉइलसाठी हाच रस्ता मला सगळ्यात व्यवहार्य दिसतो: पोहणाऱ्यांच्या पट्ट्यात बोर्डावर पोटावर किंवा गुडघ्यावर राहून हळू जायचं, आखलेल्या वाटेत किंवा पट्ट्याबाहेर गेल्यावरच उडायचं, आणि कुठेही असलात तरी पाण्यातल्या माणसापासून ठरलेलं अंतर राखायचं. न्यू साउथ वेल्समध्ये मोटरबोटींना ६ नॉट किंवा जास्त वेगात असताना पाण्यातल्या माणसापासून ६० मीटर लांब राहायला सांगतात, ताशी ४० ने हे ६० मीटर पार करायला साडेपाच सेकंद लागतात, ३० मीटरपेक्षा हे खूपच माणुसकीचं अंतर आहे. शिकणाऱ्यांसाठी एखादी निवाऱ्याची, पोहणाऱ्यांपासून वेगळी जागा आखून द्यावी, नाहीतर एकतर ते गर्दीत शिकतील नाहीतर फार लांब जाऊन अडकतील.

यावर हमखास आक्षेप येतो की अंमलबजावणी कोण करणार, आणि तो आक्षेप खोटा नाही. आज कोणी पोहणाऱ्याच्या अंगावरून गेलं तर तक्रार करायची म्हटली तरी कोणाची करणार, बोर्डावर नंबर नाही, माणूस हेल्मेट आणि वेटसूटमध्ये, दोन मिनिटांत क्षितिजाकडे. म्हणून लांबून वाचता येईल असा नंबर बोर्डाच्या बुडाला, कारण उडताना बूडच दिसतं, ही सक्ती मला लायसन्सपेक्षाही आधी हवी. चालवणाऱ्यांना हे जाचक वाटेल पण त्यात त्यांचाच फायदा जास्त आहे, चार बेजबाबदार लोक ओळखता आले नाहीत की शिक्षा सगळ्यांना होते आणि ती शिक्षा म्हणजे बंदी. भाड्याने देणाऱ्यांकडे तर आजच एक साधन आहे, शिकाऊ माणसाला देताना बोर्डाचा कमाल वेग सेटिंगमधून कमी करून देता येतो, तो किती ठेवायचा हे परवान्याच्या अटीत लिहायला काय अडचण आहे?

आणि हे सगळं ठरेपर्यंत पुढची गोष्ट आलेलीसुद्धा आहे. कुठल्याही साध्या फॉइल बोर्डाच्या मास्टला बाहेरून अडकवायच्या छोट्या मोटरी मिळतात, फॉइल ड्राइव्ह नावाची ऑस्ट्रेलियन कंपनी त्यासाठी ओळखली जाते, मोटर फक्त उठायला काही सेकंद वापरायची, मग बंद करून लाटेवर तरंगत जायचं. आता हा माणूस मोटरबोट चालवतोय की सर्फिंग करतोय? आणि त्याच्या शेजारून हातात फुगवलेला विंग, म्हणजे वारा पकडणारं छोटं शीड, धरून, मोटरच नसलेल्या फॉइलवर ताशी चाळीसच्या आसपास जाणारा दुसरा माणूस, त्याला तर मोटरचा कुठलाच नियम लागत नाही, पण पंख तोच, वजन थोडंच कमी, आणि समोर पोहणारं डोकंही तेच. मोटर आहे का, किती किलोवॅटची आहे, बसून चालवतात की उभं राहून, यावर लिहिलेला नियम या दोघांपाशी येऊन अडखळतो. पाण्यातल्या माणसापासून इतके मीटर आणि त्या आत इतकाच वेग, एवढं लिहिलेला नियम तिघांनाही सारखाच लागतो, म्हणून जिथे जिथे यावर लोकांच्या हरकती आणि सूचना मागवतायत तिथे बोटीच्या व्याख्येवर पानं भरण्याआधी हे दोन आकडे काय ठेवायचे ते लिहून पाठवा.